मोरारियाची खाद्यफेरी : लिस्बनच्या एका वस्तीत चार खंडांच्या चुली

लिस्बनमधील एखाद्या साध्या कॅफेच्या काचेच्या कपाटात सकाळी डोकावले, तर कोळंबीच्या रिसॉइस आणि खारवलेल्या कॉड माशाच्या वड्यांशेजारी एक ओळखीचा त्रिकोण मांडलेला दिसतो. पोर्तुगीज भाषेत त्याचे नाव ‘शामुसा’. हा आपला समोसाच. आकाराने लहान, पातळ पारीचा आणि बहुधा खिम्याने भरलेला. तेथील माणसाला तो परका वाटत नाही; कॉफीसोबत खाण्याचा तो नेहमीचा पदार्थ आहे. हा त्रिकोण तेथे पोहोचला कसा, याचा शोध घेऊ लागलो की गोवा, दीव, मोझांबिक आणि लिस्बन अशी एक लांब वाट उलगडत जाते. त्या वाटेचा शेवटचा टप्पा आज पायी चालता येतो. तो आहे लिस्बनच्या मोरारिया या जुन्या वस्तीत.

किल्ल्याच्या टेकडीच्या वायव्य उतारावर वसलेली ही अरुंद गल्ल्यांची वस्ती गेल्या दीड दशकात खाद्यफेऱ्यांसाठी प्रसिद्ध झाली आहे. पोर्तुगाल, गोवा, मोझांबिक, केप व्हर्दे, अंगोला, चीन, बांगलादेश, नेपाळ अशा अनेक देश-प्रदेशांचे अन्न येथे काही मिनिटांच्या अंतरावर मिळते. या फेऱ्यांचे स्वरूप, त्यांमागचा इतिहास आणि त्यांनी निर्माण केलेले प्रश्न यांचा हा परिचय. गोमंतकीय वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये, कारण त्या ताटात आपल्याही घरचे काही वाढलेले आहे.

खाद्यफेरी म्हणजे काय?

आपल्याकडे ज्याला आता सर्रास ‘फूड वॉक’ म्हणतात, तीच ही खाद्यफेरी. एक मार्गदर्शक लहानसा गट घेऊन एखाद्या वस्तीतून पायी फिरतो, ठरलेल्या पाच-सात ठिकाणी थांबतो आणि प्रत्येक ठिकाणी एखाद-दुसरा पदार्थ चाखायला देतो. फेरी सर्वसाधारणपणे तीन ते चार तासांची असते. तिकिटाच्या रकमेत खाण्याचा खर्च धरलेला असतो. मार्गदर्शकाने दुकानदारांशी आधीच बोलणे केलेले असते आणि माणशी ठरावीक रक्कम दुकानदाराला मिळते. सर्व थांब्यांचे मिळून एक पोटभर जेवण होते.

उपाहारगृहात जेवणे आणि खाद्यफेरीला जाणे यांत एक महत्त्वाचा फरक आहे. उपाहारगृहात पदार्थ आपल्या समोर येतो. फेरीत आपण पदार्थाच्या घरी जातो. मसाला विकणारे दुकान, मांस कापणारा खाटीक, भाजीची टोपली, वर वाळत घातलेले कपडे आणि दारात बसलेली म्हातारी हे सारे त्या पदार्थासोबत येते. म्हणूनच पदार्थ किती चविष्ट होते, एवढ्यावरून फेरीचे मोल ठरत नाही. वस्तीची गोष्ट कोण सांगतो आणि फेरीचा पैसा शेवटी कोणाच्या हातात राहतो, हे दोन प्रश्न तितकेच महत्त्वाचे असतात. मोरारियाचा इतिहास पाहिला की हे प्रश्न तेथे इतके तीव्र का आहेत, ते कळते.

बाहेर ठेवलेल्यांची वस्ती

पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सो हेन्रिकेश याने ऑक्टोबर ११४७ मध्ये लिस्बन जिंकले. त्यापूर्वी शहर मुसलमानांच्या, म्हणजे ‘मूरां’च्या ताब्यात होते. विजयानंतर शहरात उरलेल्या मूरांना तटबंदीबाहेरच्या उतारावर राहण्याची मुभा देण्यात आली आणि ११७० मध्ये राजाने त्यांना सनद दिली. ‘मोरारिया’ या शब्दाचा अर्थच ‘मूरांची वस्ती’ असा आहे. कुंभार, विणकर, मळेकरी अशा कष्टकऱ्यांची ही वस्ती तीन शतकांहून अधिक काळ टिकली. डिसेंबर १४९६ मध्ये राजा मानुएल पहिला याने ज्यू आणि मुसलमान यांच्या हद्दपारीचा हुकूम काढला आणि या वस्तीचे मूळ रहिवासी गेले. नाव तेवढे राहिले.

याच मानुएल राजाच्या कारकिर्दीत, १४९७ मध्ये वास्को द गामाची जहाजे लिस्बनहून निघाली आणि १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवा जिंकला. एका बाजूने जुन्या शेजाऱ्यांना घालवून दिले जात होते आणि दुसऱ्या बाजूने समुद्रापलीकडच्या नव्या प्रजा जोडल्या जात होत्या. या प्रजांचे वंशज पुढे साडेचार शतकांनी त्याच गल्ल्यांत बिऱ्हाडे करतील, असे तेव्हा कोणाला सांगितले असते तर खरे वाटले नसते.

मधल्या काळात मोरारिया गरिबांची, खलाशांची आणि बदनाम समजल्या गेलेल्या घरांची वस्ती होती. येथेच फादो हे गायन रुजले. फादोची पहिली ख्यातकीर्त गायिका मारिया सेव्हेरा हिचा १८४६ मध्ये वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी येथील रुआ दो कापेलाँव या गल्लीत मृत्यू झाला. युनेस्कोने २०११ मध्ये फादोला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले; गल्लीच्या तोंडाशी दगडात कोरलेली गिटार आज तिची आठवण देते. विसाव्या शतकात सालाझारच्या राजवटीत, १९३० च्या दशकापासून, ‘स्वच्छते’च्या आणि आधुनिकीकरणाच्या नावाखाली खालची मोरारिया पाडण्यात आली. घरे, चर्च, नाट्यगृह सारे गेले आणि मधोमध एक मोठी पोकळी उरली. तीच आजचा मार्तीम मोनीझ चौक.

साम्राज्य संपले, चुली पेटल्या

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण आणि दीव मुक्त झाले. त्याची झळ मोझांबिकमधील भारतीयांना बसली. पोर्तुगीज प्रशासनाने तेथील भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबले आणि नंतर अनेकांना देशाबाहेर घालवले. पोर्तुगीज नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोक मात्र तेथेच राहिले. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये क्रांती झाली, हुकूमशाही कोसळली, आणि १९७५ मध्ये मोझांबिक, केप व्हर्दे, अंगोला एकामागून एक स्वतंत्र झाले. तेथून सुमारे पाच लाख लोक पोर्तुगालला परतले. ‘परतले’ हा शब्द अनेकांच्या बाबतीत नावापुरताच, कारण त्यांतील कित्येकांनी युरोप कधी पाहिलाच नव्हता.

या लोंढ्यात मोझांबिकमधील गुजराती भाषक हिंदू, इस्माइली मुसलमान आणि गोमंतकीय कुटुंबे होती. हिंदूंपैकी अनेकांचे मूळ गाव दीव. व्यापार हा त्यांचा पिढीजात व्यवसाय, आणि मार्तीम मोनीझ परिसरात भाडे परवडणारे होते. घाऊक कापड, भांडी, फर्निचर यांची दुकाने निघाली, त्यांच्या पाठोपाठ मसाल्याची आणि किराणा मालाची. १९८० च्या दशकात चौकाच्या कडेला दोन मोठी व्यापारी संकुले उभी राहिली. पुढे तेथे चिनी व्यापारी आले, मग बांगलादेश, पाकिस्तान आणि नेपाळमधील माणसे. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ आणि सेनेगलचे लोकही आले.

येथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. मोरारिया ही गोमंतकीयांची वस्ती नव्हे. १९६१ च्या आसपास आणि त्याआधी लिस्बनला गेलेले गोमंतकीय बहुधा शिकलेले होते. डॉक्टर, वकील, सरकारी नोकर असलेली ही माणसे शहरभर विखुरली. मोरारियात गोव्याची खूण आहे ती मुख्यतः स्वयंपाकघरातून आणि मोझांबिकमार्गे आलेली.

गायिका मारिझा हे या प्रवासाचे एक उदाहरण. तिचा जन्म १९७३ मध्ये मोझांबिकच्या राजधानीत झाला, बालपण मोरारियात गेले. तिच्या आईवडिलांची येथे खाणावळ होती, आणि त्या खाणावळीतच फादो तिच्या कानावर पडला. आज जगभर ऐकल्या जाणाऱ्या या आवाजाला वस्तीतील एका चुलीचा आधार होता.

फेरीची वाट

आयोजक बदलले तरी फेरीची वाट साधारण सारखीच असते. सुरुवात बहुधा साँव दोमिंगोश चर्चसमोरच्या चौकात होते. येथे १८४० पासून ‘जिंजिन्या’ विकणारे एक चिमुकले दुकान आहे. आंबट चेरी मद्यात मुरवून केलेले हे गोड पेय उभ्या-उभ्या एका घोटात घ्यायचे. त्याच चौकात पश्चिम आफ्रिकेतील माणसांचा अड्डा असतो. कोला बी आणि वाळवलेले मसाले विकणाऱ्या बाया बसलेल्या असतात. १५०६ मध्ये याच ठिकाणाहून धर्मांतरित ज्यूंच्या हत्याकांडाला सुरुवात झाली. त्याचे स्मारक २००८ मध्ये उभारले गेले. चांगला मार्गदर्शक जिंजिन्याचा पेला हाती देण्याआधी या स्मारकापाशी थांबतो.

तेथून चढाच्या गल्ल्या सुरू होतात. रुआ द साँव पेद्रो मार्तीर या गल्लीत ‘तेंतासॉइश द गोवा’, म्हणजे ‘गोव्याची प्रलोभने’, अशा नावाची एक छोटी खाणावळ खवय्यांना अनेक वर्षे परिचित आहे. शाकुती, सोरपोतेल, कोळंबीची कढी, शेवटी बेबिंका असा गोमंतकीय खाणावळीचा थाट असतो. जवळच्या बोळांत भिंतींवर वृद्ध रहिवाशांची छायाचित्रे दिसतात. मोरारियात राहून काम करणाऱ्या इंग्रज छायाचित्रकार कॅमिला वॉटसन यांनी ती थेट भिंतींवर उमटवली आहेत. त्यांतील काही चेहरे आता या जगात नाहीत. ज्या दारात ते बसत, तेथे भिंतीवर तेवढे उरले आहेत.

मधल्या थांब्यांवर आफ्रिकेचे पदार्थ येतात. केप व्हर्देची ‘काशुपा’ म्हणजे मका आणि कडधान्ये मांस किंवा मासळीसोबत तासन्‌तास शिजवून केलेला दाट रस्सा. उरलेली काशुपा दुसऱ्या दिवशी सकाळी परतून अंड्यासोबत खातात, आणि अनेकांना तीच अधिक आवडते. शिळ्या कढीची गोडी जाणणाऱ्या गोमंतकीयाला हे सांगायला नको. अंगोलाची ‘मुआंबा’ पामतेलात शिजवलेल्या कोंबडीची, तिच्यासोबत कसाव्याच्या पिठाचा ‘फुंजे’. मोझांबिकची ‘मातापा’ कसाव्याची पाने, शेंगदाण्याचा कूट आणि नारळाचे दूध यांची. नारळाच्या रसातली पालेभाजी खाताना हिंदी महासागराच्या दोन्ही काठांची नाती जिभेला आधी कळतात, इतिहास नंतर आठवतो.

मार्तीम मोनीझ चौक ओलांडला की रुआ दो बेन्फोर्मोझो लागते. या लांब, चिंचोळ्या रस्त्यावर बांगलादेशी दुकानांची रांग आहे. हलाल मांस, कारली आणि दोडकी, मिष्टी, मोबाइल दुरुस्ती, परदेशी पैसे पाठवण्याची खिडकी, सारे एकाला एक लागून. ईदच्या दिवशी मार्तीम मोनीझ चौकात हजारो माणसे नमाजाला जमतात. ज्या वस्तीतून १४९६ मध्ये मुसलमानांना घालवले, तेथे हे दृश्य दिसते, यावर मार्गदर्शकाने काही न बोललेलेच बरे. ऐकणाऱ्याला ते आपसूक उमजते.

चिनी स्वयंपाकाची गोष्ट थोडी निराळी आहे. मोरारियात वरच्या मजल्यावरील राहत्या घरांत चालणाऱ्या, पाटी नसलेल्या चिनी खाणावळींची मोठी ख्याती आहे. लिस्बनवासी त्यांना ‘चोरटे चिनी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. जेवण स्वस्त आणि चविष्ट असते. परवाना मात्र नसतो आणि अधूनमधून छापे पडतात. अशा ठिकाणी पर्यटकांचा गट नेणे उचित नव्हे. पाहुण्याला गंमत वाटते, पण छापा पडला तर किंमत चूल चालवणाऱ्याला मोजावी लागते.

फेरी बहुधा लार्गो दो इंतेंदेंते या चौकात संपते. चौकाच्या कडेला विउव्हा लामेगो या जुन्या कारखान्याची रंगीत फरश्यांनी मढवलेली इमारत आहे. हा चौक एकेकाळी अमली पदार्थांच्या व्यापारासाठी कुप्रसिद्ध होता. २०११ मध्ये लिस्बनच्या तत्कालीन महापौरांनी आपले कार्यालयच येथे हलवले, आणि परिसराचा कायापालट सुरू झाला. ते महापौर म्हणजे आंतोनियो कोस्ता. मोझांबिकमध्ये जन्मलेल्या आणि मडगावात वाढलेल्या ओर्लांदो द कोस्ता या लेखकाचे हे पुत्र पुढे पोर्तुगालचे पंतप्रधान झाले, जानेवारी २०१७ मध्ये मडगावच्या वडिलोपार्जित घरी येऊन गेले आणि १ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत. गोव्याहून मोझांबिक आणि तेथून लिस्बन ही वाट शामुशाने जशी तुडवली, तशीच माणसांनीही.

ताटातले शब्द

खाद्यफेरीत पदार्थांच्या नावांकडे कान दिला तर आणखी एक फेरी घडते. बटाटा, पाव, काजू, अननस, कोबी हे आपले रोजचे शब्द पोर्तुगीजांकडून आले, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. उलट दिशेचा प्रवास तितका माहीत नसतो. पोर्तुगीज ‘काऱील’ म्हणजे दक्षिण भारतातील ‘कारी’. ‘मांगा’ हे आंब्याचे आणि ‘जाका’ हे फणसाचे नाव मल्याळममधून गेले. ‘आशार’ म्हणजे आपले आचार, लोणचे.

सर्वांत हृद्य उदाहरण ‘कान्जा’चे. कोंबडीच्या पाण्यात तांदूळ शिजवून केलेली ही पातळ पेज पोर्तुगालमध्ये आजाऱ्याला, बाळंतिणीला आणि थकल्याभागल्याला देतात. तेथील माणसाला ती आजीच्या हातची, अस्सल देशी वाटते. तिचे नाव मात्र ‘कांजी’वरून आले आहे. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या वनौषधींवरील संवादग्रंथात वैद्य गार्सिया द ओर्ता याने मिरी आणि जिरे घालून रुग्णाला देण्याच्या या भाताच्या पाण्याचा उल्लेख ‘कांजे’ असा केला आहे. अशा शब्दांचा सर्वांत मोठा मागोवा घेतला तोही एका गोमंतकीयानेच. आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो यांचा पोर्तुगीज-आशियाई शब्दसंग्रह १९१९ ते १९२१ या काळात दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

उलट, आपण ‘गोव्याचे’ म्हणून अभिमानाने वाढतो त्या विंदालूचे मूळ ‘व्हिन्या द’आल्योश’ या मद्य-लसणीत मुरवलेल्या पोर्तुगीज मांसात आहे. गोव्यात मद्याची जागा माडाच्या व्हिनेगरने घेतली. कोंबडीचा काफ्रेआल मोझांबिककडून आला. पिरी-पिरीची मिरची मूळची अमेरिकेची, वाढली आफ्रिकेत. अशा ताटातील कोणता घास देशी आणि कोणता विदेशी, याची सरळ विभागणी करता येत नाही. ‘आंतरराष्ट्रीय खाद्यसंस्कृती’ हा शब्द जाहिरातीत शोभतो. मोरारियाच्या चुलीवर त्याचा अर्थ शेजार एवढाच उरतो.

फेरीची दुसरी बाजू

शेजाराची ही गोष्ट सांगून तिकिटे विकणे सोपे आहे. तो शेजार टिकवणे अवघड आहे. २०१२ मध्ये पोर्तुगालमध्ये भाडेकायदा सैल झाला. जुनी, गोठलेली भाडी वाढवणे आणि भाडेकरूंना काढणे घरमालकांना सुलभ झाले. त्याच वर्षी परदेशी गुंतवणूकदारांना निवासी परवाना देणारी योजना आली. पाठोपाठ पर्यटकांचा ओघ वाढला आणि जुन्या वस्त्यांतील घरे एकामागून एक पर्यटकांना अल्पमुदतीने दिली जाऊ लागली. परिस्थिती इतकी बदलली की २०१८ च्या अखेरीस लिस्बन महापालिकेने मोरारियासह काही जुन्या वस्त्यांत अशा घरांची नवी नोंदणी थांबवली. तोवर अनेक जुने रहिवासी शहराच्या कडेला फेकले गेले होते. खाद्यफेऱ्यांनी हे सारे घडवले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण वस्ती ‘पाहण्याजोगी’ ठरण्यात त्यांचा वाटा आहेच, आणि पाहण्याजोगी वस्ती महाग होते.

दुसरा प्रश्न अधिक बोचरा आहे. १९ डिसेंबर २०२४ रोजी रुआ दो बेन्फोर्मोझोमध्ये पोलिसांनी मोठी कारवाई केली. रस्ता अडवून डझनावारी माणसांना हात वर करून भिंतीकडे तोंड करून उभे करण्यात आले. त्यांत बहुसंख्य दक्षिण आशियाई स्थलांतरित होते. ही गुन्हेगारी रोखण्यासाठीची कारवाई होती, असे पोलिसांचे म्हणणे. परंतु भिंतीला टेकलेल्या त्या रांगेचे छायाचित्र देशभर पसरले आणि संताप उसळला. ११ जानेवारी २०२५ रोजी हजारो लोकांनी ‘आम्हाला भिंतीला टेकवू नका’ अशा अर्थाची घोषणा घेऊन लिस्बनमध्ये मोर्चा काढला. ज्या रस्त्यावर सकाळी पाहुण्यांना मिष्टी चाखायला देऊन विविधतेचे कौतुक केले जाते, त्याच रस्त्यावर दुपारी मिष्टी विकणाऱ्याचीच झडती होऊ शकते. पदार्थाचे स्वागत करणारा समाज तो रांधणाऱ्याचेही स्वागत करतोच, असे नाही.

याला उत्तर देण्याचा एक प्रयत्न वस्तीतूनच झाला. २००८ मध्ये रहिवाशांनी ‘रेनोव्हार आ मोरारिया’, म्हणजे ‘मोरारियाचे नूतनीकरण’, ही संस्था स्थापन केली. स्थलांतरितांसाठी पोर्तुगीज भाषेचे वर्ग, कागदपत्रांसाठी मदत, मुलांचा अभ्यास ही तिची मुख्य कामे. त्याच्या जोडीला तिने वस्तीच्या पायी फेऱ्या सुरू केल्या आणि ‘मिग्रांतूर’ या युरोपीय उपक्रमात भाग घेतला. २०१० मध्ये इटलीतील तोरिनो शहरात सुरू झालेल्या या उपक्रमाचे सूत्र साधे आहे. स्थलांतरितांच्या वस्तीची फेरी स्थलांतरितानेच घडवावी. त्यासाठी त्यांना प्रशिक्षण दिले जाते आणि कामाचे पैसे मिळतात. अशा फेरीत बांगलादेशी दुकानासमोर उभा राहून बोलणारा माणूस कदाचित त्याच रस्त्यावर राहणारा असतो. एरवी ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, तो येथे बोलणारा होतो.

फेरी निवडावी कशी?

पोर्तुगीज नागरिकत्वामुळे, शिक्षणामुळे किंवा नातेवाइकांमुळे लिस्बनला जाणारे गोमंतकीय आज थोडे नाहीत. त्यांनी मोरारियाची फेरी करण्यापूर्वी आयोजकाला चार प्रश्न विचारावेत.

पहिला, मार्गदर्शक कोण आहे आणि वस्तीशी त्याचा संबंध काय? दुसरा, दुकानदारांना प्रत्येक पाहुण्यामागे मोबदला मिळतो का, की केवळ ‘प्रसिद्धी’ मिळते? तिसरा, गटात किती माणसे असतील? आठ-दहापेक्षा मोठा गट बोळ अडवतो आणि लहान खाणावळीतील नेहमीच्या गिऱ्हाइकाला बाहेर उभे करतो. चौथा, छायाचित्रांबाबत नियम काय? उघड्या खिडकीतून दिसणारे घर हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे.

काही व्यावहारिक सूचनाही उपयोगी पडतील. रोसियो चौकातून मार्तीम मोनीझपर्यंत पायी काही मिनिटांतच पोहोचता येते. रस्ते चढ-उताराचे आणि गुळगुळीत दगडी फरसबंदीचे आहेत. पावसात ते घसरतात, त्यामुळे पादत्राणे पकड देणारी हवीत. न्याहारी हलकी करावी. शाकाहारी असाल तर आधी सांगावे, कारण काशुपा आणि मातापा या दोन्हींत मांस किंवा मासळी असू शकते. फेरी संपल्यावर आवडलेल्या दुकानात दुसऱ्या दिवशी एकट्याने परत जावे आणि पूर्ण जेवण घ्यावे. दुकानदाराला खरा आधार त्या दुसऱ्या भेटीचा असतो.

फोंताइन्हासच्या दारात

हे सारे वाचताना पणजीच्या फोंताइन्हासची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथेही रंगीत भिंती आहेत, ‘रुआ ३१ द जानैरो’ आहे, जुनी बेकरी आहे, आणि पाहुण्यांचे गट घेऊन फिरणारे मार्गदर्शक आहेत. तेथेही रहिवाशांना आपल्या दारांवर ‘छायाचित्रे काढू नका’ अशा पाट्या लावाव्या लागल्या आहेत. पायरीवर ठाण मांडून बसणारा, खिडकीच्या गजाला धरून उभा राहणारा, दुपारच्या वामकुक्षीच्या वेळी दारासमोर मोठ्याने बोलणारा पर्यटक ही तेथील नित्याची तक्रार झाली आहे.

मोरारियाचा अनुभव फोंताइन्हासला दोन गोष्टी सांगतो. वस्तीची फेरी वस्तीतील माणसांच्या हाती असली, तर तिच्यातून मिळणारा पैसा आणि मान दोन्ही तेथेच राहतात. आणि माणसे निघून गेल्यावर उरलेल्या रंगीत भिंतींना चव नसते. गोव्यात बेबिंक्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची बाब आहे. पण थरावर थर देत, विस्तवाकडे लक्ष ठेवत तासन्‌तास बेबिंका भाजणारी बाई त्याच घरात, त्याच गल्लीत राहू शकेल का, याचे उत्तर कोणतेही मानांकन देत नाही. ते पणजीकरांनाच द्यायचे आहे, आणि मोरारियापेक्षा थोडे लवकर.